शिडाचा कोट

"अंगाला चोपडलंत ते चोपडलंत, हाताला कशाला तेल लावलंत?" नवऱ्याच्या पँटवरचा वाळका चिखल खरवडताना बायजाला हसू आवरेना.

बाळारामला हसू येत नव्हते. थंडीत खाडीत उतरण्याआधी अंगभर खोबरेल चोपडायचे, ही करावे गावच्या कोळ्यांची पिढीजात रीत. पहाटे सायकलवर हात गारठतात म्हणून पठ्ठ्याने तीच रीत सायकलला लावली. बांधावर मुठी सटकल्या आणि स्वारी सायकलसकट मिठागरात! तुर्भ्याच्या नव्या कारखान्यात पोचेपर्यंत भोंगा होऊन गेला होता.

"दोनदा उशीर झाला," तो म्हणाला. "आता तिसऱ्यांदा झाला तं नाव कापनार, सायबानं सांगितलंय."

बाप गेल्यावर होडी चिखलात कुजली होती. घरात चूल पेटत होती ती या नोकरीवर.

कारखान्याच्या फाटकावरच्या पहारेकरी सुलेमानने त्याला शहाणपण शिकवले होते, "तेल काय लावतो रे? हवा अडव, हवा! छातीला पेपर लाव." दुसऱ्या दिवशी बाळाराम नवरदेवासारखा नटला. दोन सदरे, मध्ये वर्तमानपत्र, कानांना बायजाच्या जुन्या लुगड्याची पट्टी, पँटीच्या पायांना सुतळी. बांधावरच्या दवाने पेपराचा लगदा झाला. छाती काकडली, बोटे ब्रेकवर वळेनात. भोंगा वाजता वाजता तो कसाबसा आत शिरला.

"वारा अडवायचं कापड घरात हाय की," संध्याकाळी बायजा हळूच म्हणाली आणि तिने माळ्याकडे पाहिले.

माळ्यावर बापाच्या होडीचे शीड होते. दर नारळी पुनवेला बाळारामची आई धोंडूबाई ते खाली काढायची, हळदकुंकू लावायची, पुन्हा गुंडाळून ठेवायची. पोरगा कधीतरी खाडीत परतेल, ही तिची आशा त्या गुंडाळीत होती.

"गप बस," बाळाराम दबक्या आवाजात म्हणाला. "शीड कापायचं म्हंजे बापाला कापायचं."

धोंडूबाई चुलीपाशी मासळी निवडत होती. म्हातारीला कमी ऐकू येते, असा घरात समज होता.

रविवारी दुपारी तो बाजारातून आला तेव्हा अंगणात शीड पसरलेले होते. मध्ये कात्री घेऊन आई बसली होती.

"आये, काय करतंस?"

"इकडं ये, पाठ दाखव. माप घेते."

"आये, बाचं शीड हाय ते."

"मना सांगतोस? ह्ये तांबडं ठिगळ मीच लावलं व्हतं." तिने नाक पुसले. "वर ठेवून उंदीर खातात. त्यांच्या परीस तू बरा."

पहिला काप घेताना तिचा हात थांबला. डोळे भरून आले, ते तिने लपवलेही नाहीत. मग कात्री करकरत चालली. सांजेपर्यंत तिने आणि बायजाने तांबडे ठिगळ छातीवर येईल असा जाड कोट दाभणाने शिवला, उरलेल्या कापडाच्या दोन पिशव्या सायकलच्या मुठींवर बांधल्या. हात आत घालायचा, की वारा बाहेर.

सोमवारी बाळाराम भोंग्याआधी फाटकावर हजर. अंगाला चक्क घाम आला होता.

"ये कौनसा फॅशन?" सुलेमानने कोट चाचपला.

"आमच्या बाचा हाय," बाळाराम ऐटीत म्हणाला.

संध्याकाळी उत्तरेचा वारा पाठीशी होता. बांधावर कोटाची पाठ फुगली आणि पायडल न मारताच सायकल पळू लागली. बाळाराम एकटाच मोठ्याने हसला.

धोंडूबाई ओट्यावर बसून होती. तीस वर्षे ती तिथूनच खाडीकडे बघायची. तांबडे ठिगळ दिसले, की धनी आला असे समजून भाताचे आधण ठेवायची. धनी गेल्यापासून पाच वर्षांत ती या वेळी ओट्यावर बसली नव्हती.

दूर बांधावर तांबडे ठिगळ दिसले. म्हातारी गुडघ्यावर हात देऊन उठली आणि सुनेला न सांगता तिने चुलीवर आधण ठेवले.