पूर्ण वाक्यात सांग

मनस्विनीचं गर्भाशय काढलं तेव्हा ती त्रेचाळीस वर्षांची होती. सोबत दोन्ही बीजकोषही काढावे लागले. ऑपरेशन नीट झालं, टाके सुकले, ती पुन्हा शाळेच्या ग्रंथालयात जाऊ लागली. पण तीन महिन्यांनी नवरा जवळ आला तेव्हा आत कोरड्या पॉलिश पेपरने घासल्यासारखं झालं. दोनदा तिने सोसलं. तिसऱ्यांदा म्हणाली, "अहो, दुखतंय."

निलेश लगेच बाजूला झाला. तो ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचा. आवाज चढवणं त्याला माहीत नव्हतं. शर्ट घालत तो म्हणाला, "डॉक्टरला दाखवून ये. उगाच अंगावर काढू नकोस."

मारुती मंदिरापाशी डॉक्टर ऋतिकाचा दवाखाना होता. पस्तिशीची, केस बारीक कापलेली बाई. तिने तपासलं, लावायला क्रीम लिहून दिलं आणि पेनचं टोपण लावता लावता विचारलं, "दुखणं थांबेल. पण सुखाचं काय? शेवटपर्यंत पोचता का तुम्ही कधी?"

"वाचलंय मी त्याबद्दल," मनस्विनी म्हणाली.

डॉक्टर हसली नाही. तिने कागद उलटा केला आणि मागे एका उपकरणाचं नाव लिहिलं. "एअर-सक्शन टॉय म्हणतात. आत घालायचं नसतं. हवेच्या हलक्या ओढीवर चालतं, म्हणून तुमच्यासारखं दुखणं असलेल्या बायकांना बरं पडतं. बघा जमलं तर."

पार्सल शाळेच्या पत्त्यावर आलं. साधा पुठ्ठ्याचा खोका, आत तळहाताएवढी जांभळी वस्तू, टोकाला रबरासारखं मऊ, वाटोळं तोंड. शनिवारी शाळा सकाळची असायची आणि निलेशची प्रॅक्टिकल पाच वाजेपर्यंत चालायची. नाचणे रोडवरच्या त्या फ्लॅटमध्ये शनिवारची दुपार तिची एकटीची होती. मुलगी सानवी पुण्याला इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला.

पहिल्या शनिवारी तिने ते घट्ट दाबून धरलं आणि बटण दाबत दाबत वर नेलं. गांधीलमाशी चावावी तशी कळ आली. मग अर्धा तास तिथे काहीच जाणवेना. तिने ते धुऊन साडीच्या घडीत ठेवून दिलं. आपल्या शरीराला हे जमणारं नाही, एवढंच तिने मनाशी ठरवलं.

क्रीम संपल्यावर पुन्हा दवाखान्यात गेली तेव्हा तिने मान खाली घालून हे सांगितलं.

"कितव्या नंबरवर ठेवलंत?"

"आठ."

"अहो बाई!" आता मात्र डॉक्टर हसली. "एकवर. एकच्या वर जायची घाई नाही. आधी पाण्यात धुतली जाणारी जेली लावा, खोबरेल नको. दाबायचं नाही, नुसतं टेकवायचं. त्या तोंडाच्या मधोमध क्लिटोरिस यायला हवी. थेट सोसत नसेल तर किंचित बाजूला सरकवा. गुडघ्याखाली उशी घ्या. मध्ये काढा, श्वास घ्या, परत लावा. आणि दुखलं तर बंद. ती परीक्षा नाहीये."

त्या शनिवारी तिने पडदे ओढले, गुडघ्याखाली उशी घेतली. एकवर काही नाही. ती किंचित बाजूला सरकली. मग पोटाच्या खालून काहीतरी गोळा होत वर यायला लागलं. तिला भीती वाटली म्हणून तिने ते काढलं. पुन्हा लावलं. थोड्या वेळाने खोलीत एक आवाज झाला. तो आपलाच आहे हे तिला क्षणभर कळलंच नाही. नंतर ती बराच वेळ छताकडे बघत हसत होती. मग इतकी भूक लागली की ओट्यापाशी उभ्यानेच तिने पातेल्यातला दहीभात संपवला.

असे सहा शनिवार गेले. सातव्या आठवड्यात तिने नवऱ्याला सांगितलं.

का सांगितलं, हे तिला पुढे लेकीनेही विचारलं. तिला लपवण्यासारखं काही वाटलंच नव्हतं. शिवाय आता दुखत नव्हतं. दोघांनी मिळून काही करता येईल असं तिच्या मनात होतं. रविवारची सकाळ होती, ती फणसाची कुयरी चिरत होती, हाताला तेल लावलेलं. निलेश समोर पेपर वाचत होता. तिने डॉक्टरपासून सगळं सांगितलं. त्याने पेपरची घडी घातली.

"म्हणजे हे आत्ता, पहिल्यांदा?"

"हो."

"एकोणीस वर्षांत कधीच नाही?"

तिने चिकाने माखलेली विळी बाजूला ठेवली. "तुमची चूक नाही हो. मलाच ठाऊक नव्हतं काही."

"छान," तो म्हणाला. "बरं झालं." उठता उठता त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला.

चार दिवस तो नेहमीसारखा होता. पाचव्या दिवशी म्हणाला, "मलाही शिकायला हवं ना. दाखव मला." तिला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं. त्या शनिवारी त्याने रजा टाकली. तो पलंगाजवळ खुर्ची घेऊन बसला, वाचायचा चष्मा लावला. तिला वाटलं तो हात धरेल. त्याने धरला नाही. तिने डोळे मिटले. कसंबसं झालं. तिने डोळे उघडले तेव्हा तो मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होता.

"चार मिनिटं वीस सेकंद," निलेश म्हणाला. "आणि मी एकोणीस वर्षं गाढवासारखा घाम गाळत होतो."

तो स्वयंपाकघरात गेला, स्वतःचा चहा स्वतः केला आणि तिच्यासाठीही आणला. कप बशीत ठेवताना त्याने तो अगदी जपून ठेवला.

दुसऱ्या दिवशी साडीच्या घडीत ती वस्तू नव्हती. त्याच्या लोखंडी कपाटात होती, किल्ली त्याच्या पाकिटात. "सवय लागते अशाने," तो म्हणाला. "मी वाचलंय. मज्जातंतू बधिर होतात. थोडं नियंत्रण हवं. तुला हवं तेव्हा माग, मी नाही म्हणणार नाही."

ती दोन आठवडे मागायला गेली नाही. मग शाळेला सुट्टी होती अशा एका शनिवारी सकाळी, तो कॉलेजला निघताना, तिने विचारलं.

"काय हवंय?" तो बूट घालत होता.

"ते."

"ते म्हणजे काय? पूर्ण वाक्यात सांग. मुलं पण अशीच, अर्धी वाक्यं बोलतात."

तिने पूर्ण वाक्यात सांगितलं. काय हवं, कशासाठी हवं. दाराबाहेर शेजारची गंगुबाई जिना झाडत होती, म्हणून आवाज अगदी बारीक करून सांगितलं.

"ऐकू नाही आलं."

तिने पुन्हा सांगितलं. गंगुबाईचा झाडू थांबला.

निलेशने बुटाची नाडी बांधली. "आज नको," तो म्हणाला. "पुढच्या शनिवारी बघू." आणि तो गेला.

जूनमध्ये त्याची थोरली बहीण मालिनी चिपळूणहून आली. जेवताना निलेश रंगात होता. "ताई, हिला आता माझी काही गरज उरली नाही," आमरस वाढून घेत तो म्हणाला. "चार्जर असला की झालं."

मालिनी हसली. "अगो, आमच्या घरी पण तेच! सगळी त्या मोबाइलला चिकटलेली."

"मोबाइल नाही गं," निलेश म्हणाला आणि बायकोकडे बघून थांबला. मनस्विनीचा हात वाटीवरच राहिला. तो तसाच थांबून होता, ताईने विचारावं म्हणून. ताईने विचारलं नाही. तिला अजून रस हवा होता. पण पुढचे दोन दिवस, ताई घरात असेपर्यंत, तो दर जेवणाला तेच वाक्य वेगळ्या तऱ्हेने सुरू करायचा आणि अर्ध्यावर सोडायचा. तिच्या मानेवर फुटणारा घाम तो बघायचा.

ताई गेल्यावर मनस्विनीने त्याच्यासमोर उभं राहून सांगितलं, "माझी वस्तू मला परत द्या. माझ्या पैशांची आहे."

"देतो की," तो म्हणाला. "पण इतके दिवस पडून होती. निर्जंतुक करून देतो."

त्याने गॅसवर दुधाचं जुनं पातेलं ठेवलं, पाण्याला खळखळून उकळी आणली आणि चिमट्याने ती जांभळी वस्तू आत सोडली. खोक्यातल्या कागदावर उकळू नये असं चित्रासकट छापलेलं होतं. कोमट पाणी आणि साबण, बस. तो कागद त्याने वाचला होता. बॅटरी गरम केली की काय होतं, ते तो बारावीच्या वर्गाला शिकवायचा.

"अहो, बंद करा. खराब होईल ते."

"दहा मिनिटं लागतात."

ती गॅसपाशी गेली तेव्हा त्याने तिला ढकललं नाही. फक्त मध्ये उभा राहिला. खांद्यावर फडका, हातात चिमटा. ती दहा मिनिटं मनस्विनी उभी राहून बघत होती. पाण्यावर जांभळट तवंग आला. एका बाजूने ती वस्तू फुगली, शिवण उसवली. त्याने चिमट्याने उचलून ती ताटलीत ठेवली, फडक्याने पुसली आणि तिच्या तळहातावर दिली. अजून चटका बसत होता.

"चालू करून बघ."

तिने बटण का दाबलं, हे तिचं तिलाही नंतर समजलं नाही. पुन्हा दाबलं. तो तिच्या चेहऱ्याकडे बघत होता. वर्गातल्या एखाद्या मुलाचं उत्तर चुकणार हे आधीच ठाऊक असावं तसा.

ती रडली नाही. त्या दिवसापासून ती सानवीच्या खोलीत झोपू लागली.

गणपतीला सानवी आली. आल्यापासून ती आईच्या नजरेला नजर देत नव्हती. मोदकांच्या पाऱ्या करताना दोघी शेजारी बसल्या होत्या, तरी नाही. गौरी आल्या त्या दिवशी मनस्विनीने विचारलं, "काय झालंय गं?"

"बाबांनी सांगितलंय मला," सानवी म्हणाली. "सगळं."

"सगळं म्हणजे?"

"प्लीज आई. मला याच्यावर बोलायचं नाहीये."

"मग मी सांगते. त्यांनी काय केलं ते सांगितलं का?"

"मला माहीत करून घ्यायचंच नाहीये! माझ्या रूममेटकडेही आहे, मला काही वाटत नाही त्याचं. पण तू आई आहेस. बाबा रडत होते फोनवर." तिने पारी ताटात टाकली. "आणि तू त्यांना सांगितलंसच कशाला? गप्प वापरायचं ना."

मनस्विनीने ती पारी उचलली, कडा ओल्या बोटाने सारख्या केल्या, सारण भरलं आणि मोदक मिटला. त्या दिवशी तिने एकवीस मोदक केले, एकही फुटला नाही.

गौरी-गणपतीचं विसर्जन झालं, सानवी पुण्याला गेली आणि त्याच आठवड्यात मनस्विनीने मांडवीला शाळेतल्या एका बाईंची वरची खोली घेतली. दोन बॅगा, पुस्तकांचा एक खोका. निलेशने अडवलं नाही. खाली रिक्षापर्यंत बॅगा त्यानेच उतरवल्या. चार शेजारी बघत होते. तो त्यांना म्हणाला, "ऑपरेशननंतर जरा मनावर परिणाम झालाय. थोडा बदल हवा."

गावात तेच पसरलं. शाळेतल्या शिक्षिका तिच्याशी हळू आवाजात बोलू लागल्या, जशा आजाऱ्याशी बोलतात. निलेशच्या घरी डबा जाऊ लागला, आज एकीचा, उद्या दुसरीचा. चिपळूणहून मालिनीचा फोन आला.

"तुमचं काय झालं ते कळलं मला," ती म्हणाली. "अगो, मारत नाही, पीत नाही, बाहेर काही नाही. एवढ्याशा गोष्टीवरून कुणी संसार मोडतं?"

"हो, ताई. एवढ्याशाच गोष्टीवरून."

"लोकांना काय सांगायचं आम्ही?"

"तो सांगतोय ना. तेच सांगा."

मनस्विनीने तसंच दुसरं उपकरण मागवलं. पण ते आल्यावर आठ आठवडे खोका तसाच पडून राहिला. उघडला तेव्हाही काही झालं नाही. एकवर ठेवलं, जेली लावली, उशी घेतली, सगळं सांगितल्यासारखं केलं. पण डोळे मिटले की खुर्ची दिसायची आणि त्याचा चष्मा. चार मिनिटं झाली की शरीर आपोआप आक्रसायचं. डॉक्टर ऋतिकाकडे ती एकदाच ढसाढसा रडली. डॉक्टर म्हणाली, "महिनाभर त्या वस्तूला हात लावू नका. नुसत्या पडून राहा. स्वतःच्या हाताची ओळख करून घ्या आधी. घड्याळ खोलीबाहेर ठेवा." महिन्याचे तीन महिने झाले. कधी जमेल असं वाटायचं, कधी निलेश जिंकला असं वाटायचं. त्याला हे कळलं असतं तर तो खूश झाला असता, हे तिला ठाऊक होतं आणि त्या विचाराने तिला आणखी राग यायचा.

मार्चच्या एका शनिवारी खाली बाईंकडे कुणी नव्हतं. खिडकीतून जेटीकडच्या होड्यांच्या इंजिनाचा आवाज येत होता. तिने ते टेकवलं, काढलं, कूस बदलली, परत टेकवलं. किती वेळ गेला हे तिने बघितलं नाही. पोटाखालची ती जुनी हालचाल सुरू झाली तेव्हाच उशाशी फोन वाजू लागला. सानवीचं नाव होतं. सप्टेंबरनंतर पहिल्यांदा.

मनस्विनीने नावाकडे पाहिलं. फोन वाजत राहिला, थांबला, पुन्हा वाजू लागला. तिने तो उलटा करून ठेवला आणि डोळे मिटले.

पाऊण तासाने तोंड धुऊन, केस बांधून तिने उलट फोन केला.

"किती वेळ उचलत नव्हतीस," सानवी म्हणाली. आवाज रडवेला होता. "मला वाटलं, तू मुद्दामच उचलत नाहीयेस."

"मुद्दामच," मनस्विनी म्हणाली. "बोल आता."