झेंडूच्या हारामागं

“भय्याजी, टाकी भरणं बंद करा आधी!”

मी ओरडले, पण मिलच्या धडधडाटात ऐकतंय कोण?

लाखांदूरबाहेरची ही राइस मिल भय्याजींची. माझे बाबा, ताराचंद, इथले फिटर. आई, मंदाबाई, डोक्यावरच्या धानाच्या टाकीखाली सांडलेले दाणे झाडते. यंदा भय्याजींनी पत्रा चढवून टाकीची उंची वाढवली आणि ‘चालेल’ म्हणून सही करायला मला, इंजिनिअरला, नागपूरहून बोलावलं. टाकी चार लोखंडी पट्ट्यांवर लटकते. नकाशावरून मी कॉम्प्युटरवर पट्टीचे मोठे मोठे तुकडे पाडून ताण काढला होता. सगळं हिरवंगार, म्हणजे धोका नाही.

इथं येऊन मान वर केली, तर एका पट्टीला दसऱ्याचा वाळका हार. नकाशात नसलेल्या भोकात तारेनं अडकवलेला!

“मॅडम, करा ना सही. काहून टेन्शन घेऊन राहिल्या?” भय्याजी हसले.

यांना हसू सुचतंय! मी लॅपटॉपवर पट्टीत भोक घातलं. पोतं फाटतं ते भोक पडल्या जागी. सगळ्या पोत्याची सरासरी काढून काय उपयोग? म्हणून भोकाकाठचे तुकडे बारीक केले. ताणाचा आकडा चढला. आणखी बारीक केले, आणखी चढला. आकडा स्थिरावला तेव्हा लोखंडाची ताकद केव्हाच मागे पडली होती. टाकीखाली आई होती.

“आई, बाहेर निघ!”

“एवढं झाडून होऊ दे वं...”

“झाडू फेक म्हणते ना!”

माझा चेहरा बघून बाबांनी मोटर बंद केली. खालच्या सगळ्या बायांना बाहेर काढलं आणि रॉकेलची चिंधी न् खडू घेऊन शिडी लावली.

“बाबा, नका चढू!”

ते चढलेच. हार काढला, भोकाकाठी रॉकेल लावलं, पुसलं आणि खडू घासला. पांढऱ्या खडूवर आत मुरलेल्या रॉकेलची केसासारखी काळी रेघ उमटली.

“चीर हाय,” बाबा वरूनच म्हणाले.

भय्याजी पांढरे पडले, मग भडकले. “कोणाच्या बापानं पाडलं हे भोक?”

माझ्याच. दसऱ्याला त्यांना ते पाडताना मी बघितलं होतं, आणि आकडे काढताना विसरले होते.

“म्याच पाडलं जी,” बाबा खाली उतरत म्हणाले. “गॅसकटरनं. हार लावाले.”

“उद्यापासून येऊ नका, ताराचंद!”

“आणि पत्रा कोणी चढवला, भय्याजी?” मी तोंडावर विचारलं.

टाकी रिकामी होईपर्यंत बाबा दारात आडवे उभे राहिले, कोणालाच आत जाऊ दिलं नाही. मग किल्ल्या टेबलावर ठेवून निघाले. फाटकाबाहेर आईला त्यांच्या दुपट्ट्यात बांधलेला हार दिसला.

“हे वाळले फुलं कायले आणले जी?”

“मशीनच्या पूजेचे हायेत,” बाबा म्हणाले. “तिथं कोण शिरवन त्याहिले?”

वाटेत तलाव लागला. बाबा चपला काढून हार सोडायला पाण्यात उतरले.