जागा नाही, म्हणायचं होतं

न केलेल्या गुन्ह्यासाठी मी सहा वर्षं आत काढली. सुटले त्या दिवशी न्यायाधीश म्हणाले, "पुरावा नाही, घरी जा." जणू मी त्यांच्याकडे कॉफी प्यायला येऊन बसले होते. घरी गेले, पोटभर रडले, आणि पुढच्या गुरुवारी सुमानची टोपली घेऊन तुरुंगाच्या त्याच फाटकाशी उभी राहिले. तेव्हापासून दर गुरुवारी जाते. शिपाई प्रत्येक सुमानमध्ये तार खुपसून बघतो. केळीच्या पानात बांधलेल्या चिकट भातात मी काय करवत लपवणार? "नियम आहे, नानाय सालूद," म्हणतो, नानाय म्हणजे आई, आणि तपासलेलं एक स्वतःच खातो. मेला सगळ्यात जाड निवडतो.

देवाशी माझं भांडण आहे, पण बोलणं बंद नाही. आतल्या बायकांनाही मी तेच सांगते. भांडा, पण अबोला धरू नका.

गेल्या वर्षी नाताळात बायकांच्या कोठड्यांत पानुनुलुयान करायचं मी ठरवलं. योसेफ आणि पोटुशी मारिया दारोदार जागा मागत फिरतात, घरोघरचे लोक गाऊन त्यांना हाकलतात, आणि शेवटी गोठा. गावात हा खेळ रात्री होतो, पण आत लवकर कुलपं लागतात, म्हणून आम्ही दुपारीच उरकतो. योसेफ झाली लुनिंग, काजळीची मिशी काढून. मारियासाठी मी नेरिसाला धरलं.

नेरिसा मोलकरीण. मालकिणीची कर्णफुलं हरवली आणि त्या घरात गरीब अशी ही एकटीच होती, झालं. दीड वर्ष खटला हलला नव्हता. वकिलानं सुचवलं होतं, जानेवारीत गुन्हा कबूल कर, आत काढलेले दिवस शिक्षेत धरतील, लगेच घरी.

"मी हो म्हणणार आहे, नानाय," ती म्हणाली.

"चोरलीस का?"

"नाही."

"मग?"

"पोर मला विसरत चाललीय. परवा फोनवर मला ताई म्हणाली."

चोर हा शिक्का आईला लागला की पोरीलाही चिकटतो, हे तिला सांगायचं होतं. पण चार वर्षांचं लेकरू आजीपाशी आणि मधे समुद्र. "बरं, गाणं तरी पाठ कर," एवढंच म्हटलं.

गाणं तिनं पाठ केलं, पण एका ओळीला अडायची. तिसऱ्या घरचा मालक ओरडतो, "कोण जाणे, चोर असाल!" त्यावर मारियानं म्हणायचं, "चोर नाही हो आम्ही." तिथं आली की हिच्या तोंडाला कुलूप. मग लुनिंगच मिशी सावरत मारियाची ओळ गायची.

खेळाच्या दिवशी फादर आले, शिपाई ओळीनं बसले, नेरिसाच्या पोटावर उशी बांधली. कोठड्या हीच आमची घरं; पहिल्या कोठडीत म्हातारी बेबांग. दहांच्या जागेत चाळीसजणी दाटीवाटीनं राहतात तिथं. तिनं गायचं होतं, "जागा नाही, पुढे जा." लुनिंगनं जागा मागितली आणि म्हातारीला रडूच फुटलं.

"ये गं बाई, आत ये. आम्ही कुशीवर झोपू."

"अहो, हाकला!" मी मागून कुजबुजले.

"पोटुशीला? तुला हौस असेल तर तूच हाकल!"

दुसऱ्या कोठडीत तर चटई सरकवून, वारा घालायला पुठ्ठा घेऊन बसल्या होत्या. फादर हसून हसून डोळे पुसायला लागले. लुनिंगनं कमरेवर हात ठेवले. "अगं बायांनो, असं केलंत तर गोठ्यापर्यंत पोचायचं कधी? येशूला जन्मू तरी द्या!"

तिसरं घर पासिंगचं. कोठडीच्या म्होरकीला आमच्याकडे मेयोरा म्हणतात. पासिंग ही अशी मेयोरा, की तिच्या आवाजाला शिपाईसुद्धा बिचकतात. तीही विरघळली. "या, माझीच झोपायची फळी घ्या," म्हणाली.

नेरिसा हलली नाही. "मेयोरा, तुमची ओळ म्हणा."

"जाऊ दे गं पोरी."

"म्हणा ना."

पासिंग कशीबशी पुटपुटली, "कोण जाणे, चोर असाल."

"मोठ्यानं."

मोठ्यानं बोल, असं पासिंगला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. अपमान झाल्यासारखी ती गरजली, "कोण जाणे, चोर असाल!"

नेरिसा गायली नाही. गज धरून म्हणाली, "मी चोर नाही." मग अजून मोठ्यानं, "मी चोर नाही!" उशी सुटून खाली पडली, कुणी उचलली नाही. मागून एकेक कोठडी तेच ओरडायला लागली. त्यांतल्या दोघीतिघी खऱ्याच चोर होत्या, पण त्यांचाही आवाज कमी नव्हता. मी मात्र रुमालात तोंड खुपसून रडत होते.

जानेवारीत कोर्टात तिला विचारलं, गुन्हा कबूल? नेरिसा तेच तीन शब्द बोलली. वकिलानं कपाळाला हात लावला. त्याच गाडीतून तिला परत आणलं. दारात पासिंग उभी होती. "आलीस? ये, जागा आहे," म्हणाली आणि स्वतःची फळी मोकळी करून दिली.

मी देवाला म्हटलं, पोरीनं तिचं काम केलं, आता तू हल. तो हलला ऑगस्टमध्ये. मालकीण एकाही तारखेला फिरकली नाही, न्यायाधीश वैतागले, सुटका. आमच्याकडे न्याय बहुतेक वेळा असाच येतो, कंटाळून.

या नाताळात टोपलीची दुसरी कडी नेरिसानं धरली होती. तिच्या पोरीनं वाटेतच दोन सुमानं फस्त केली आणि आई, आई करत तिसरं मागत राहिली. पासिंगनं तिसरं घर नेरिसाला देऊन टाकलं. "मला बाई ती ओळ नाही जमत." मारिया झाली इकांग, नवी आलेली, रडून डोळे सुजलेले. सहप्रवाशाचा चोरीचा माल हिच्या पिशवीत सापडला म्हणून आत. आठवडाभर तिनं मान वर केली नव्हती.

पहिल्या दोन घरांनी यंदाही रीत मोडली. मग इकांग तिसऱ्यापाशी आली. नेरिसा आपण होऊन गजांच्या आत जाऊन उभी होती. मला वाटलं, हीसुद्धा आता ये म्हणणार.

"कोण जाणे, चोर असाल!" ती अशी कडाडली की शिपायाच्या हातातलं सुमान तसंच राहिलं.

इकांगनं दचकून वर पाहिलं. नेरिसा गजांशी वाकली आणि हळूच म्हणाली, "हं, आता तू बोल."