भागोजीचा आवाज

चंद्रभागेने पेज तिसऱ्यांदा गाळली तेव्हा गाळणीत काहीच उरलं नाही. तरी तिने गाळणी पातेल्याच्या काठावर दोनदा आपटली, वाटी भरली आणि पडवीत नवऱ्यापुढे नेऊन ठेवली. डॉक्टरांनी मऊ भात चालेल असं कधीच सांगितलं होतं. पण भाताचं एखादं शीत घशात अडकेल ही धास्ती तिच्या मनातून जात नव्हती.

भागोजीने वाटीत डोकावून पाहिलं. मांडीवरची पाटी उचलली, काडीने लिहिलं आणि तिच्याकडे वळवली.

'बरं.'

एवढंच. पूर्वीचा भागोजी असता तर या पाणचट पेजेवर त्याने आख्खी वाडी हसवली असती. चंद्रभागा उभी राहिली, पाटीवर आणखी काही उमटतंय का ते बघत. मग तिने केरसुणी उचलली आणि सकाळी झाडलेलं अंगण पुन्हा झाडायला घेतलं.

कुडपण गावात भागोजीचा आवाज ओळखायला माणूस दिसावा लागत नसे. समोरच्या डोंगरावर गुरं राखणाऱ्याला तो इथून हाक मारी आणि तो तिथून वळून बघी. लग्न असो, सत्यनारायण असो, रात्रीची भजनं संपली की लोक म्हणत, भाऊ, आता तुमी उठा. मग भागोजी उठे. एसटीचा कंडक्टर, पोलादपूरचा तलाठी, मुंबईहून आलेली आणि पायऱ्यांना 'स्टेप' म्हणणारी कुणाची तरी सून, सगळे त्याच्या गळ्यातून बोलत. आणि शेवटी हटकून चंद्रभागा. ती ओढ्यात घागरीसकट पडली आणि घागर फुटली का ते आधी बघितलं, ही गोष्ट त्याने तीस वर्षं सांगितली. लोक हसून लोळत. चंद्रभागा बायकांमध्ये मागे बसून पदर पुढे ओढी. तिने त्याला कधी उलटून उत्तर दिलं नव्हतं. तेवढं तिला सुचतही नसे.

गेल्या शिमग्यापासून त्याचा आवाज बसायला लागला. सर्दी म्हणून दोन महिने गेले, मग महाडच्या घशाच्या डॉक्टरने आत दुर्बीण घालून बघितलं आणि मुंबईला चिठ्ठी दिली. स्वरयंत्रावर गाठ होती. कॅन्सर हा शब्द हर्षदने, त्यांच्या मुलाने, फोनवर आईला सांगितला तेव्हा तो लगेच पुढे म्हणाला होता, "आये, घाबरू नको. बाबांचा आवाज एवढा मोठा, त्याला आत जागा पुरली नाय, म्हणून गाठ आली." चंद्रभागा हसली नव्हती, पण तिने फोन ठेवलाही नव्हता.

कळव्याला हर्षदच्या खोलीत ती दोघं दोन महिने राहिली. किरणांचे तेहतीस शेक होते. सून रूपालीने बटण दाबलं की पुसली जाणारी पाटी आणून दिली, आणि मग घरात नुसती चढाओढ लागली. हर्षद म्हणायचा, "बाबा आता सायलेंटवर." भागोजी लिहायचा, 'व्हायब्रेट होतोय.' चेहऱ्यावर जाळीचा मुखवटा बसवून त्याला मशीनखाली निजवायचे. हलायचं नाही, बोलायचं नाही, असं तिथल्या पोरीने बजावलं, तर बाहेर आल्यावर त्याने लिहिलं, 'लग्नात भटजीपण हेच बोललेला.' घसा इतका सोलवटला होता की थुंकी गिळताना त्याच्या डोळ्यांतून पाणी यायचं. ते पाणी पुसत तो लिहायचा आणि ती तिघं हसायची. चंद्रभागाही. त्या खोलीत रडायला कोपरा नव्हता, हेही एक कारण असेल.

गणपतीनंतर शेवटचा शेक झाला. डॉक्टर म्हणाले, तीन महिन्यांनी या. आता हळूहळू बोलायला लावा.

पण गावी आल्यावर भागोजी बोललाच नाही. पहिल्या आठवड्यात पाटीवर चार ओळी असायच्या. मग दोन. मग 'पाणी', 'नको', 'बरं'. हर्षद रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल करायचा, एखादा विनोद तयार ठेवून. भागोजी अंगठा वर करायचा. मग रूपाली फोन घेऊन बाजूला जायची आणि हळूच विचारायची,

"आई, हसतात का ते?"

"हसतात की," चंद्रभागा सांगायची.

आता नाचणी कापून झाली होती, उडव्या रचून झाल्या होत्या, आणि तिच्या हातांना काम उरलं नव्हतं. दुपारी तो आडवा झाला की ती त्याच्या उशाशी जाऊन श्वास ऐकायची. घरघर वाटायची, मग वाटायचं आपल्याच कानात आहे. आवाज येत नाही म्हणजे गाठ आत तशीच आहे, हे तिच्या मनाने घेतलं होतं. मुंबईची तारीख अजून तीन आठवडे लांब होती. तीन आठवडे अंगण झाडून काढता येणार नव्हते.

केरसुणी कोपऱ्यात उभी करून ती पडवीत आली.

"मी नाते गावाला जाऊन येते," ती म्हणाली. "बहिणीचे गुडघे लय सुजलेत. सांजच्याला येते."

भागोजीने तिच्याकडे बघितलं. लिहिलं, 'बरं.'

वाडीतल्या चांगूच्या जीपने ती पोलादपूरला उतरली. तिथून तिने महाडची एसटी धरली, पण पुढे बहिणीच्या गावाला गेली नाही. एकटीने ती महाडला कधी आली नव्हती. घशाच्या डॉक्टरचा दवाखाना तिला आठवत होता तो खालच्या चपलांच्या दुकानामुळे. वर जाऊन तिने नंबर लावला आणि बाकावर बसली. उठली. पुन्हा बसली. शेजारच्या बाईने विचारलं, बाथरूम शोधताय का, तेव्हा तिने नाही म्हटलं आणि पिशवीचे बंद सोडून पुन्हा बांधले.

"पेशंट कुठे आहे?" डॉक्टरने विचारलं. तरुण होता, पुण्यासारखं स्वच्छ बोलायचा.

"घरी. कुडपणला. भागोजी म्हणून. तुमीच गाठ धरलीत." तिने ओळीने सांगायचं ठरवलं होतं, पण सगळं एकदम बाहेर आलं. "शेक संपून अडीच महिने झाले, एक शब्द बोलत नाय. गाठ परत आली असंल तर मला आत्ता सांगा. मी पोरांना नाय सांगणार."

डॉक्टरने कॉम्प्युटरवर काहीतरी शोधलं आणि तिच्याकडे पाहिलं.

"मावशी, ते तर गुरुवारी येऊन गेले की."

गुरुवारी भागोजी रेशनकार्डाच्या केवायसीला म्हणून पोलादपूरला गेला होता.

"मी दुर्बिणीतून बघितलं," डॉक्टर सांगत होता. "मुंबईचे डॉक्टर बघतीलच, शेवटचा शब्द त्यांचा. पण मला तरी गाठ दिसली नाही. घसा चांगला भरून आलाय. आणि बोलतात की ते. पंधरा मिनिटं बोलत होते माझ्याशी."

चंद्रभागेने टेबलाची कड धरली.

"काय बोलले?"

"एकच विचारत होते. पहिला आवाज कधी येईल. मी म्हटलं, काही जणांचा येतो. तुमचा बहुतेक असाच राहील, बारीक, थोडा चिरका. बोलायला अडचण नाही." तो थांबला. "तुम्हाला सांगितलं नाही त्यांनी?"

"सांगितलं तर," ती म्हणाली. "मीच इसरले."

महाडच्या स्टँडवर तिने दोन एसट्या जाऊ दिल्या. गाठ नव्हती. हे तिने स्वतःला कितीदा सांगितलं, पण आनंद धड होईना, कारण त्याला चिकटून राग येत होता. अडीच महिने ती पेज गाळत होती. अडीच महिने त्याच्या छातीशी कान लावत होती. आपलं फुटलेल्या घागरीपासून सगळं गावभर सांगणारा माणूस, आणि एवढं एक पोटात ठेवून बसला. घरी जाऊन पाटी दगडावर आपटावी, असं तिने पोलादपूर येईपर्यंत ठरवून टाकलं.

परतीच्या जीपमध्ये वाडीतल्याच दोघीतिघी होत्या. बसते न बसते तोच एकीने विचारलं,

"भाऊंचा आवाज आला काय गो?"

"येईल," चंद्रभागा म्हणाली.

"येऊ दे बाय लवकर. माघात आमच्या अंकिताचं लगीन हाय. भाऊ उभे राह्यले नायत तर मांडवात मजा काय?"

"तो कंडक्टर करतात ना," दुसरी म्हणाली, "तसा आवाज कुणाला जमायचा नाय. खालच्या वाडीपर्यंत जायचा."

चांगूने गाडी चालवताना मान हलवली. "लोक वाट बघतात, वयनी. रोज गाडीत कोणतरी इचारतो."

चंद्रभागा बाहेर बघत राहिली. घाटाच्या वळणावर जीप कलली तशी ती पिशवी घट्ट धरून बसली. रोज कोणतरी विचारतो. तिला वाटलं होतं, लोक विचारतात ते त्याला बरं वाटत असेल. पडवीत बसून तो प्रत्येकाला अंगठा दाखवायचा, तो अंगठा तिला आता वेगळा दिसायला लागला. राग कुठे गेला ते तिला कळलं नाही. त्याच्या जागी नुसती घाई उरली, आणि घाई कशाची तेही तिला सांगता आलं नसतं. जीपमधून उतरल्यावर ती घरापर्यंत जवळजवळ धावतच आली.

भागोजी पडवीत कोयत्याला धार लावत होता. तिला बघून त्याने कानस खाली ठेवली, पाटी घेतली.

'बहीण कशी?'

"बरी हाय," ती चप्पल काढत म्हणाली. "बोलते चांगली."

त्याने मान खाली घातली आणि पुन्हा कानस उचलली. चंद्रभागा आत गेली. हातपाय धुऊन तिने चूल पेटवली, उगाच एक लाकूड काढून दुसरं घातलं. थोड्या वेळाने तो दारात आला. तिने डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं, त्याच्या हातात पाटी होती आणि पाटीवर काहीतरी लिहिलेलं होतं. तिने पाठ केली.

त्याने पाटीवर टकटक केलं.

"चष्मा नाय माझा," ती म्हणाली. "दिसत नाय."

तो पुढे आला आणि पाटी तिच्या तोंडासमोर धरली. ती उठली, हंड्याशी गेली, भरलेल्या हंड्यात आणखी एक तांब्या पाणी ओतलं. पाणी काठावरून खाली सांडलं.

त्याने पुन्हा टकटक केलं. जरा जोरात.

"सांगितलं ना, दिसत नाय."

मग टकटक थांबली. तिला वाटलं, तो परत पडवीत गेला. आपण चुकलो, उगाच टोचलं त्याला, असं मनात येऊन ती वळणारच होती.

"चाय टाक."

आवाज इतका बारीक होता की आधी तिला तो बाहेरून आल्यासारखा वाटला. चिरका, मधेच फाटलेला, एखाद्या अनोळखी बाईचा. ती चुलीपुढे बसली. आधण ठेवलं. वळून बघितलं तर तो गप्प होईल आणि मग कधीच बोलणार नाही, एवढं तिला कळत होतं. काहीतरी बोलायला हवं होतं, ताबडतोब, आणि तिला काही सुचत नव्हतं. हर्षद असता तर त्याने काहीतरी जुळवलं असतं.

"कोण आलंय?" ती चुलीकडे बघत म्हणाली. "शेजारीण काय गो?"

बोलली आणि तिचा हात चहाच्या डब्यावरच थांबला. हे काय बोललो आपण? चाळीस वर्षांत एक शब्द उलटा काढला नाही आणि काढला तो हा, आज. आधणाला बुडबुडे यायला लागले. तिने ते मोजायचा प्रयत्न केला, पण ते मोजण्यासारखे नव्हते. त्याची पावलं वाजली. दाराकडे गेली असं वाटलं, मग थांबली.

"शेजारीणच," मागून तो बारीक आवाज आला. मध्ये तुटला. त्याने दम घेतला. "साखर हाय काय गो, वाटीभर?"

चंद्रभागेने पदर तोंडाशी दाबून धरला. खांदे हलत होते, ते त्याला मागून दिसत असणार.

"बस की गो बाय," ती म्हणाली. "देते."

पण साखरेचा डबा समोरच्या फळीवर असूनही तिला तो बराच वेळ सापडेना.