भिंगरीचा डावा हात

भिंगरी हे नाव तिला आत्यानेच ठेवलं होतं, कारण पोरगी एका जागी बसेल तर शपथ. वडील लांबच्या फेऱ्यांवर ट्रक चालवायचे, आई बेकरीत कामाला. त्यामुळे शाळा सुटली की स्वारी थेट आत्याकडे. आत्या हॉस्पिटलात शिलाईकामाला होती. सकाळभर तिथल्या चादरी आणि गाऊन नीट करायचे, दुपारी घरी येऊन खिडकीपाशी लोकांचे कपडे घेऊन बसायचं, हा तिचा वीस वर्षांचा नेम.

एके दिवशी भिंगरी म्हणाली, "आत्या, मलापण शिकव ना."

आत्याला कोण आनंद झाला! पण तीन दिवसांत दोघींच्याही नाकी नऊ आले. आत्या शेजारी बसून धावदोरा घालून दाखवायची. भिंगरी सुई डाव्या हातात घ्यायची, आत्या ती काढून उजव्या हातात द्यायची. टाके कुठले, नुसत्या गाठी! चौथ्या दिवशी आत्याचा आवाज चढला.

"अगं, किती वेळा सांगू? उजव्या हाताने धर!"

भिंगरीचे डोळे डबडबले. "त्या हातात गेली की सुईला काही दिसतच नाही गं."

आत्याने हातातलं कापड खाली ठेवलं. जन्म शिवणात गेला, आणि आपल्याच भाचीचा हात आपल्याला ओळखू येऊ नये? तिने खुर्ची उचलून भिंगरीच्या समोर ठेवली, गुडघ्याला गुडघा लावून बसली.

"आरशात बघून केस विंचरतेस ना? तसं माझ्याकडे बघ. माझा हात ज्या बाजूला, तुझाही त्याच बाजूला."

संध्याकाळी आई न्यायला आली तेव्हा वीतभर धावदोरा सरळ पडला होता, आणि भिंगरी जागची हलायला तयार नव्हती. महिन्याभरात ती कडा दुमडून तुरपाई करू लागली, बटणं लावू लागली.

आणि मग आत्या पडली. पडदे काढायला स्टुलावर चढली, स्टूल कलंडलं, आणि उजव्या मनगटाला सहा आठवड्यांचं प्लास्टर आलं. हॉस्पिटलने रजा दिली, पण रिकामं बसणं आत्याला कुठलं जमायला! त्यात वरच्या मजल्यावरची शेजारीण दिवस भरत आलेली, आणि बाळासाठी सहा दुपटी शिवून द्यायचं आत्याने कबूल केलेलं. कापलेलं कापड समोर तसंच पडून होतं. त्याच्याकडे बघून तिचा जीव तीळतीळ तुटायचा.

भिंगरीने ते पाहिलं. तिने आपली खुर्ची आत्याच्या अगदी शेजारी सरकवली, सुईत दोरा ओवला आणि सुई आत्याच्या डाव्या हातात दिली.

"मी करते तसंच कर. प्लास्टरबाहेरच्या बोटांनी कापड दाबून धर."

पहिला टाका तिरका गेला, दुसऱ्याची गाठ झाली. आत्या वैतागून दोरा ओढायला लागली.

"ओढायचं नाही!" भिंगरीने दटावलं. "हळूच सोडव. घाई आहे का कुणाला?"

आत्याला हसू आलं आणि रडूही. इतक्या मायेने आपण तरी हिला पहिल्या दिवशी शिकवलं होतं का?

चार दुपटी भिंगरीने केली, दोन आत्याने. बाळ आलं आठवडाभर आधीच, पण दुपटी तयार होती. शेजारणीने एकेक उलगडून पाहिलं. एका वाकड्यातिकड्या काठावर बोट ठेवून ती कौतुकाने म्हणाली, "हे आमच्या छोट्या शिंपिणीचं ना?"

"छे गं," आत्या म्हणाली, "ते माझं. सरळ आहेत ती हिची."

जिना उतरताना आत्याने भाचीच्या डोक्यावर डावा हात ठेवला. "भिंगरे, तू होतीस म्हणून निभावलं बघ. फार उपकार झाले तुझे."

भिंगरी लाजली, "काहीतरीच काय आत्या!" म्हणाली आणि दोन-दोन पायऱ्या उड्या मारत खाली पळाली. आत्या कठड्याला धरून सावकाश उतरत राहिली. मनगट ठणकत होतं, तरी कित्येक दिवसांनी तिला हलकं वाटत होतं.