मडक्यावरची रोटी आणि प्रेमलताबाईंचा अंगठा

पोरांच्या हातात फोन दिसला की सगळी दुनिया बोंबलते, पण प्रेमलताबाईंच्या घरात उलटी गंगा वाहत होती. मुलगा आर्यन ऑफिसातून आला की फोन टीव्हीजवळ ठेवून मोकळा व्हायचा. सून भैरवीचा फोन कुठल्या उशीखाली पडला आहे, ते तिचं तिलाच माहीत नसायचं. फोन होता तो सासूबाईंच्या हातात. सकाळी चूळ भरायच्या आधी शुभ सकाळची फुलं अर्ध्या नागपूरला पाठवून व्हायची. मग रेसिप्या, मग भजनं, मग कुण्या अनोळखी घरातलं सासू-सुनेचं भांडण. ते बघता बघता कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहायच्या आणि डाळीचा पार लगदा व्हायचा. वर, आजकालच्या पोरींना फोनपुढे काही सुचत नाही, असले संदेशही त्याच पुढे ढकलायच्या. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

अशात भैरवीला सातवा महिना लागला आणि डोहाळजेवण ठरलं. काय खावंसं वाटतं असं विचारल्यावर ती म्हणाली, आईंच्या हातची मडक्यावरची रोटी आणि आंब्याचा रस, बाकी काही नको.

प्रेमलताबाईंना मूठभर मांस चढलं. ही रोटी म्हणजे येऱ्यागबाळ्याचं काम नव्हे. सैलसर कणीक परातीत आपटून आपटून तिला ताण आणायचा, गोळा दोन्ही हातांवर झेलत कोपरापर्यंत पसरवायचा आणि चुलीवरच्या पालथ्या मडक्यावर अलगद सोडायचा. कामठीला त्यांच्या माहेरी ही रोटी आल्याशिवाय पोरीचं लग्न ठरवत नसत.

पण हात बसवायला म्हणून त्यांनी थोडी कणीक आपटायला घेतली आणि उजव्या अंगठ्यातून जी कळ निघाली ती थेट खांद्यात गेली. गोळा हातातून सुटून फरशीवर पडला. बाईंचा चेहरा पडला. पोरीने एक डोहाळा सांगितला आणि तोच आपल्या हातून अडावा, याचं त्यांना रडू आलं.

त्यांचे यजमान गिरिधरराव त्यांना सदर भागातल्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. रोट्या करून करून अंगठा कामातून गेला हो, असं बाईंनी काकुळतीला येऊन सांगितलं. शेवटची रोटी कधी केली, असं डॉक्टरांनी विचारताच त्या पंख्याकडे बघू लागल्या. गिरिधरराव पडले भोळे सांब. मागच्या उन्हाळ्यात, असं सांगून ते मोकळे झाले. डॉक्टरांनी बाईंना फोन हातात घ्यायला लावला. घेतल्याबरोबर अंगठा आपला आपण वर-खाली फिरायला लागला. डॉक्टर हसू दाबत म्हणाले, रोटीला बोल लावू नका. अंगठ्याला पट्टा बांधा, शेक द्या आणि डोहाळजेवणापर्यंत फोनला हात लावू नका.

रिक्षातच बाईंनी नवऱ्याला तंबी दिली.

"घरी रोटीचंच नाव सांगजा. नाहीतर सुनेसमोर माही काय इज्जत राहीन?"

फोन गव्हाच्या कोठीत गेला. सुरुवातीला फार हाल झाले. मालिका बघतानाही बाईंचा अंगठा हवेत वळवळायचा. मग हळूहळू डाळ डाळीसारखी व्हायला लागली, दुपारी डोळा लागायला लागला. ग्रुपवर फुलं येत नाहीत म्हणून घाबरलेल्या शेजारच्या इंदुताई तब्येत विचारायला चार कैऱ्या घेऊन आल्या आणि चांगल्या दिवेलागणीपर्यंत बसल्या. अंगठाही निवत चालला.

डोहाळजेवणाच्या दिवशी मागच्या अंगणात चूल पेटली. मडकं तापलं. हिरवी साडी नेसून, फुलांची वाडी भरून भैरवी जवळच खुर्ची टाकून बसली. बाईंनी पट्टा काढला, देवाचं नाव घेतलं आणि गोळा उचलला. हात विसरले नव्हते. रोटी पसरत पसरत कोपरापर्यंत आली, तशा बाई मनातून नाचायला लागल्या.

आणि तेवढ्यात परातीजवळ फोन वाजला. गिरिधररावांचा स्वतःचा फोन बटनांचा, म्हणून बायकोचा फोटो काढायला त्यांनीच तिचा फोन कोठीतून काढून, चार्ज करून आणला होता आणि परातीशी ठेवून ते चष्मा शोधायला गेले होते. जित्याची खोड ती. बाईंचा उजवा हात झपकन फोनकडे गेला आणि अख्खी रोटी फोनवर जाऊन पडली. आत फोन वाजतोच आहे, वरून कणीक थरथरते आहे. आर्यन पोट धरून खाली बसला.

बाई मात्र हिरमुसल्या. म्हणाल्या, "रोटीनं नाही वं, या मेल्या फोननंच अंगठा गेला माहा. खोटं बोलली मी."

"फोन तुमच्या हातून सुटत नाही, हे मले आधीपासूनच माहीत होतं, आई," भैरवी म्हणाली. "म्हणून तर रोटी मागितली."

बाईंना काही उमगेना. भैरवी पदराशी चाळा करत राहिली. तिची आई ती शाळेत असतानाच गेली होती, हे बाईंना ठाऊक होतं. पण त्याचा विचार त्यांनी कित्येक दिवसांत केला नव्हता.

"रोटी करताना तुमचे दोन्ही हात गुंतते," ती म्हणाली. "तेवढा वेळ तुम्ही माह्याकडे पाहून बोलता. मले बाळंतपणाचं लई भेव वाटून राहिलं, आई. कोणाले विचारू?"

बाईंच्या डोळ्यांना धार लागली, आणि ती काही चुलीच्या धुराने नव्हती. कणकेच्या हातांनी पुसायची सोय नव्हती, म्हणून त्यांनी तोंड दंडाला पुसलं. मग आर्यनला हाक मारून तो कणकेतला फोन उचलायला लावला, आणि नवा गोळा हातावर घेतला. आर्यनच्या वेळी आपण किती घाबरलो होतो, दवाखान्याच्या दारात गिरिधरराव आपल्यापेक्षा जास्त कसे रडले होते, सगळं पहिल्यापासून सांगायला त्यांनी सुरुवात केली. भैरवी हसता हसता खुर्ची पुढे ओढत गेली. पहिली रोटी रसात बुडवून तिने तिथेच संपवली.

बाईंनी विचारलं, "दुसरी टाकू का वं?"

"टाका," भैरवी म्हणाली. "पण सावकाश टाका, आई."