हयातीपुरतं घर

"मावशी, ते टोक जरा भिंतीला टेकव," मुलगा म्हणाला. मावशीनं टेपचं टोक मुकाट्यानं भिंतीला टेकवलं.

मी शिडीवर, हातात थापी. छताला चीर गेली होती, ती भरायला मावशीनं मला बोलावलेलं. आणि खाली तिच्यामागं उरणाऱ्या घराचं माप चाललेलं, टेप तीच धरून. एवढी वर्षं गवंडीकाम केलं, पण असलं काही बघितलं नव्हतं.

मुलगा सावत्र, मावशीच्या नवऱ्याच्या पहिल्या बायकोचा. म्हातारा जाताना मृत्युपत्र करून गेला. ही जिवंत आहे तोवर घरात राहील, हिला कुणी उठवायचं नाही. पण हिनं घर विकायचं नाही, मोडतोड करायची नाही. हिच्यामागं घर मुलाचं. वकिलानं वाचून दाखवलं तेव्हा मावशीनं त्यातलं 'मोडतोड नको' तेवढं मनाशी घट्ट धरलं.

मुलाचंही काही खोटं नव्हतं. पन्नाशी आली तरी भाड्याच्या खोल्या बदलत फिरतोय, गुडघे गेलेत. आता घराला गिऱ्हाईक चालून आलं होतं, पण त्याला घर रिकामं हवं.

"सही कर, हक्क सोडते म्हणून," तो म्हणाला. "त्या पैशात मी घर घेतो, माझ्याकडं राहा. मागची खोली तुझी."

"माझी म्हणजे?"

"म्हणजे... राहा की."

"आणि ऊठ म्हणालास तर?"

"मी म्हणेन का असं?"

"तू नाही रे. तुझी बायको म्हणेल. तिच्या जागी मी असते तर मीही म्हणाले असते."

मला हसू आलं, थापीवरचा थोडा माल खाली पडला.

"तू छत बघ," मावशी वर न बघताच म्हणाली.

मुलगा खाटेवर टेकला. घरात धड खुर्ची एकच, म्हाताऱ्याची, हातांची. तिच्यावर म्हाताऱ्याचा फोटो ठेवलेला. तो गेल्यापासून तिथंच.

"मग मी काय तुझ्या मरायची वाट बघत बसू?"

"तुझ्या बापानं तुला तेवढंच काम लावून दिलंय. मला जगायचं लावलंय. दोघंही कंटाळलोय, पण करतो काय."

मुलानं टेप गुंडाळली.

"सही मी नाही करणार," मावशी म्हणाली. "पण एक विचारायचं होतं. भिंतीत एक खिळा ठोकला तर चालेल का तुला?"

"खिळा?"

"फोटोला. मोडतोड नको म्हणून इतकी वर्षं ठोकला नाही. भिंत शेवटी तुझी."

त्यानं खुर्चीकडं बघितलं, मग चारी भिंतींकडं. खरंच, कुठं एक खिळा नव्हता. सकाळपासून भिंती मापत होता, पण ध्यानात आलं नव्हतं. माझ्या तरी कुठं आलं होतं.

"मिस्त्री, हातोडी द्या," म्हणत तो गुडघे धरून उठला.

पहिला खिळा वाकला.

"बापावर गेलायस," मावशी म्हणाली.

दुसरा बसला. फोटो जरा वाकडाच लागला. तो सरळ करायच्या भानगडीत न पडता मुलगा चपला घालून गेला.

मावशीनं खुर्चीवरून हात फिरवला, धूळ झटकली आणि सावकाश बसली. दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर ठेवले.

मी शिडी उतरलो. "मावशी, छताला दुसरा हात उद्या मारू का?"

"ये की," ती डोळे मिटूनच म्हणाली. "मी आहे."